फियाटला एसी बसवण्याआधी

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे फियाट, म्हणजे आपली प्रीमिअर पद्मिनी, मुंबईचीच समजली जाते. पण ती बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. त्यामुळे सोलापुरात सात रस्त्याला एखादी जपलेली पद्मिनी दिसली की सोलापूरकराने जरा जास्तच हक्काने वळून बघावं, एवढं त्याला माफ आहे.

अशा गाडीचे हौशी मालक हल्ली गॅरेजमध्ये गेल्या गेल्या एकच गोष्ट मागतात : एसी बसवा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकणाऱ्या गावात ही मागणी रास्तच म्हणायची. जाणता फिटर मात्र आधी ब्रेक बघतो, मग वायरिंग, मग रेडिएटर, आणि एसीचं नाव सगळ्यात शेवटी काढतो. मालकाला वाटतं हा बिल वाढवतोय. तसं नसतं, कारण या सगळ्या गोष्टी उष्णतेच्या एकाच हिशेबात अडकलेल्या आहेत.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण चाळीस हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे दोन शू. चार माणसं बसली की एकूण वजन बाराशे किलोच्या आसपास जातं. ताशी ६० किलोमीटर वेगाला या वजनात सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग १०० झाला की ती ४ लाख ६३ हजारांवर जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेक मारला की यातली जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये उतरते. पुण्याचा रस्ता चौपदरी झाला, गाड्या शंभरने पळायला लागल्या, ड्रम मात्र जुन्या रस्त्याच्या मापाचेच राहिले. तुळजापूरहून घाट उतरताना तर वेग अजिबात वाढू दिला नाही तरी दर शंभर मीटर उंची उतरल्यावर १२ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साठच्या वेगातली गाडी सात वेळा थांबवावी, तेवढी ही उष्णता. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन थोडा भार घेतं, उरलेलं ड्रमच्या वाट्याला.

तापलेला ड्रम फुगतो आणि शूवरच्या लायनरपासून, म्हणजे घासणाऱ्या थरापासून, लांब जातो. पेडल खाली खाली जायला लागतं, आणि लायनरची पकडही तापल्यावर कमी झालेली असते. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारी चकती दोन बाजूंनी पॅडमध्ये चिमटली जाते. ही डिस्क तापली तर उलट जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते, शिवाय उघड्यावर असल्याने तिला वारा लागतो. पण नुसती पुढच्या चाकांना डिस्क बसवून काम संपत नाही. ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी आवळला जातो आणि पायाला फुकटात मदत मिळते. डिस्कला ही सवलत नाही. म्हणून पेडलचा दाब ब्रेक ऑइलमध्ये उतरवणारा मास्टर सिलिंडर बदलायचा, आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावायचा; तो इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळ्यांमधल्या, निर्वातावर चालतो. मागे ड्रमच राहू दिले तरी चालतात. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, मागच्या चाकांना काम कमी.

विजेचं थोडक्यात. जुन्या गाडीतला डायनॅमो बहुधा वीस-पंचवीस अँपिअरच्या पुढे जात नाही, आणि इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं फिरत, असताना तर काहीच देत नाही म्हटलं तरी चालेल. दोन हेडलाइटलाच दहा अँपिअर लागतात. त्यात एसीचा ब्लोअर आणि इलेक्ट्रिक पंखा आला की बॅटरी बसलीच. इथे आयडललाही वीज देणाऱ्या आल्टरनेटरला पर्याय नाही, आणि वायरिंगही जाड घ्यावी.

आता एसी. चाळीस हॉर्सपॉवर म्हणजे तीस किलोवॅट, पण ते पूर्ण वेगाला. सिग्नलवर उभं असलेलं इंजिन जेमतेम स्वतःला फिरवत असतं. त्याच्या गळ्यात दोन-तीन किलोवॅट खाणारा कॉम्प्रेसर अडकवला की ते बंदच पडतं. म्हणून एसी सुरू होताच थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल सोडणारी झडप, किंचित उघडणारी सोय करावी लागते. दुसरी अडचण कंडेन्सरची. गाडीतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली ऊर्जा, दोन्ही तो बाहेर टाकतो, आणि टाकतो कुठे, तर रेडिएटरच्या तोंडावर. त्रेचाळीसची हवा रेडिएटरपर्यंत पोचते तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असते. बेल्टवरचा पंखा नेमका सिग्नलवरच हळू फिरतो, म्हणून मोठा रेडिएटर आणि तापमानावर चालू-बंद होणारा इलेक्ट्रिक पंखा हवा. आणि यातलं काहीही करण्याआधी छताखाली उष्णतारोधक थर द्या! दुपारचं ऊन दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट ओतत असतं, ते आत येऊ न देणं हा सगळ्यात स्वस्त एसी.

इतकं सगळं करण्यापेक्षा दुसऱ्या गाडीचं ताकदवान इंजिनच टाकावं, असं काहींना वाटतं. त्याला आरटीओची परवानगी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे, आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. मला विचाराल तर मूळ इंजिन ठेवावं.

ते ठेवलं तर इंधनाकडे बघावं लागतं. इंजिनाला चिकटलेला जुना पेट्रोल पंप उन्हाळ्यात तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रस्त्यात उभी राहते. बोनेट उघडून पंपावर ओला टॉवेल टाकायचा, हा उपाय जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे; सोलापुरात टॉवेलला काय तोटा! टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला की पाइपात दाब राहतो आणि पेट्रोल सहसा उकळत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसालाही त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं, पण पद्मिनीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने खराब होतात, ते बदलायलाच हवेत. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. नवीन गाडीतला सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, थोडा मोठा टाकायचा, गाडी होटगी रोडला एक चक्कर मारून आणायची आणि स्पार्क प्लग उघडून बघायचा. पांढरट दिसला तर पेट्रोल अजून कमी पडतंय, विटकरी-तपकिरी दिसला तर जेट बरोबर बसला.