ग्यानच्या क्रॉसबारआधीचा घाना

२ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजत आलेले, घरात सगळे झोपलेले आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक. वर्ल्ड कपची घाना-उरुग्वे क्वार्टर फायनल, १-१, एक्स्ट्रा टाइमही संपलाच होता, आणि गोललाइनवर उभ्या सुआरेझने आत जाणारा बॉल सरळ हाताने बाहेर ढकलला. रेड कार्ड, पेनल्टी, आसामोआ ग्यानने धावत येऊन मारला आणि बॉल क्रॉसबारला लागून वर उडाला. बाहेर जाता जाता टनेलपाशी थांबलेला सुआरेझ तिथेच नाचायला लागला. पुढे शूटआउटमध्ये ग्याननेच घानाची पहिली पेनल्टी घेतली आणि घातली पण, काय काळीज असेल बघा, पण मॅच गेली.

तेव्हापासून घाना म्हटलं की लोकांना हाच सीन आठवतो. बिचारा घाना, आफ्रिकेची पहिली सेमीफायनल हुकली वगैरे. ते खरंच आहे, पण माझ्या मते घानाची सगळ्यात भारी टीम ही नव्हतीच. ती साठच्या दशकातली, आणि ती वर्ल्ड कपला गेलीच नाही, स्वतः ठरवून गेली नाही. ते कळल्याशिवाय २०१० मध्ये लोक एवढे का रडले तेही नीट कळत नाही.

तर मागे जाऊया. देशाचं नाव तेव्हा गोल्ड कोस्ट, ब्रिटिशांची वसाहत. १९५१ मध्ये त्यांची टीम इंग्लंडच्या टूरवर गेली आणि बहुतेक पोरं अनवाणी खेळली. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपली टीमसुद्धा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बरीचशी अनवाणीच खेळली होती आणि फ्रान्सला जड गेली होती. पण कोरड्या टणक मैदानावर अनवाणी खेळणं वेगळं आणि इंग्लंडच्या पावसात भिजलेल्या गवतावर वेगळं, पाय घसरायचे, टर्न घेता यायचा नाही, आणि समोरच्यांच्या पायात बूट. बऱ्याच मॅच हरले. त्या टूरवर सी. के. ग्यामफी नावाचा एक तरुण खेळाडू होता, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्य मिळालं, सहाराच्या दक्षिणेकडच्या वसाहतींमध्ये पहिल्यांदा. क्वामे एन्क्रुमा नेता. या माणसाच्या डोक्यात अख्खी आफ्रिका एक करायचं होतं आणि त्यासाठी फुटबॉल हे हत्यार आहे हे त्याला फार लवकर कळलं. टीमचं नाव ब्लॅक स्टार्स, तो काळा तारा झेंड्यावरचा, आणि त्याचं मूळ त्याहून मागे, कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा नेता मार्कस गार्वीने १९१९ मध्ये अमेरिकेत काढलेल्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीत. म्हणजे जर्सीवरचा तारा नुसता डिझाइन म्हणून नाहीये, त्यात सगळं राजकारण भरलंय. १९५७ मध्येच इंग्लंडचा स्टॅनली मॅथ्यूज, वय बेचाळीस, आक्राच्या हार्ट्स ऑफ ओककडून पाहुणा म्हणून खेळायला आला आणि लोकांनी त्याला समारंभ करून फुटबॉलचा राजा बनवलं.

एन्क्रुमाने खेळाचा कारभार ओहेने जान या माणसाच्या हातात दिला. जान म्हणजे झपाटलेला गडी, आणि हुकूमशाही वळणाचा पण. ग्यामफीला जर्मनीला पाठवलं, तो फोर्टुना ड्युसेलडॉर्फकडून खेळला आणि कोचिंग शिकून परत आला. मग १९६१ मध्ये काढला रिअल रिपब्लिकन्स नावाचा क्लब. आयडिया काय तर प्रत्येक मोठ्या क्लबचे चांगले खेळाडू उचलायचे आणि एकत्र ठेवायचे म्हणजे नॅशनल टीम आपोआप तयार. नॅशनल टीमच्या दृष्टीने झकास, पण ज्याचे खेळाडू जातात त्याला विचारा! कुमासीचा असांते कोटोको तर पेटलाच. लोक या क्लबला ओसाग्येफोज ओन क्लब म्हणायचे, ओसाग्येफो ही एन्क्रुमाची पदवी, तारणहार अशा अर्थाची. थोडक्यात साहेबांचा क्लब.

पण रिझल्ट आले. ऑगस्ट १९६२ मध्ये रिअल माद्रिद आक्राला आली, पुश्कास आणि डी स्टेफानोवाली, आणि ब्लॅक स्टार्सनी त्यांना ३-३ वर रोखलं. पाच वर्षांच्या देशाने! १९६३ ला आफ्रिकन कप घरीच होता, कोच ग्यामफी, फायनलमध्ये सुदानला ३-० ने हरवलं. १९६५ ला ट्युनिसमध्ये जाऊन ट्युनिशियालाच एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२. लागोपाठ दोन कप, दोन्हींना देशी कोच. त्या टीममधला ओसेई कोफी पुढे चर्चमध्ये रेव्हरंड झाला, ड्रिब्लिंग असं की डिफेंडर वेडे व्हायचे.

एक बाबा यारा राहिला. कोटोकोचा विंगर, आधी घोड्यांच्या शर्यतीत जॉकी होता. १९६३ मध्ये रिपब्लिकन्सची एक मॅच खेळून परत येताना बसला अपघात झाला, पाठीचा कणा गेला, परत उभा राहिलाच नाही, सहा वर्षांनी वारला. कुमासीच्या मोठ्या स्टेडियमला आज त्याचं नाव आहे. घानात तुम्ही कुठल्याही म्हाताऱ्या फुटबॉलवेड्याला विचारलं तर तो आधी याचंच नाव घेईल असं मला वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. १९६६ चा इंग्लंड वर्ल्ड कप, सोळा टीम. त्यात फिफाने आफ्रिका, आशिया आणि ओशनिया तिघांना मिळून जागा किती दिली, तर एक. म्हणजे आफ्रिकेत पहिला आलात तरी पुढे आशियावाल्यांशी प्लेऑफ खेळा. वर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला फिफाने परत घेतलं आणि आशियाच्या ग्रुपमध्ये टाकलं. ओहेने जान तेव्हा फिफाच्या एक्झिक्युटिव्ह कमिटीवर होता, त्याने ही व्यवस्था अन्यायाची आहे म्हणून तार ठोकली, इथिओपियाचा फुटबॉल प्रशासक टेसेमा बरोबर होता, मागे एन्क्रुमा. फिफा हललं नाही. मग आफ्रिकेतल्या पंधरा देशांनी अंग काढून घेतलं आणि त्यात घाना सगळ्यात पुढे. फिफाने उलट दंड लावला.

नुसता विचार करा, आफ्रिकेचे लागोपाठ दोनदा चॅम्पियन, ऐन भरात, आणि घरी बसले. ती जागा शेवटी उत्तर कोरियाला मिळाली, त्यांनी फक्त ऑस्ट्रेलियाला दोन मॅचमध्ये हरवलं, आणि इंग्लंडला जाऊन इटलीला १-० ने उडवलं, ती मॅच जगाला पाठ आहे. तिथे ओसेई कोफी असता तर, हा प्रश्न घानावाले साठ वर्षं विचारतायत. पण बहिष्कार फुकट गेला नाही, फिफाने १९७० पासून आफ्रिकेला हक्काची एक जागा दिली. घानाला ती मिळाली नाही, मोरोक्को गेलं.

आणि २४ फेब्रुवारी १९६६ ला, वर्ल्ड कपच्या साधारण साडेचार महिने आधी, एन्क्रुमा परदेशात असताना लष्कराने सत्ता घेतली. जानची खुर्ची गेली, रिपब्लिकन्स बंद. टीम लगेच कोसळली नाही हे मात्र सांगायला हवं, १९६८ आणि १९७० ला पण आफ्रिकन कपच्या फायनलला पोचले, दोन्ही १-० ने हरले. १९७८ ला घरी युगांडाला २-० हरवून तिसरा कप घेतला आणि तीनदा जिंकला म्हणून तो मूळ कप कायमचा ठेवून घेतला.

१९८२ ची गोष्ट वेगळी, ती मला सगळ्यात आवडते. देश कंगाल झालेला, आधीच्या सरकारने लिबियातल्या आफ्रिकन कपला टीम पाठवायची नाही असं ठरवलेलं, मग ३१ डिसेंबर १९८१ ला फ्लाइट लेफ्टनंट रॉलिंग्जने सत्ता घेतली आणि तो निर्णय फिरवला. कोच परत तोच ग्यामफी, आणि संघात सतरा वर्षांचा एक पोरगा, अबेदी पेले. फायनल त्रिपोलीत यजमान लिबियाशी, १-१, पेनल्टीवर ७-६. चौथा कप. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही.

पुढच्याच वर्षी जानेवारीत नायजेरियाने परवाना नसलेल्या परदेशी लोकांना हाकललं, त्यात बहुतेक घानाचे, लाखांनी. आपल्याकडे दादरला स्टेशनबाहेर त्या निळ्या-लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात ना, चेनवाल्या, गावी जाताना आपण भरतो त्या, तिकडे पश्चिम आफ्रिकेत त्या पिशवीचं नावच घाना मस्ट गो. अशा काळात खेळाडू देशात कशाला थांबतील, ज्याला जमलं तो बाहेर पडला, अबेदी स्वतः कतार, स्वित्झर्लंड करत मार्सेलला पोचला. बाहेर खेळणारे स्टार आणि घरी पैसे नसलेली फेडरेशन, तेव्हापासूनची ही कटकट अजून आहे. २०१४ मध्ये तर बोनसवरून खेळाडू अडून बसले आणि सरकारला तीस लाख डॉलर कॅश विमानाने ब्राझीलला पाठवावी लागली.

मधलं पटकन सांगतो. १९९२ ची आफ्रिकन कपची फायनल, अबेदी सस्पेंड, आयव्हरी कोस्टशी ०-०, पेनल्टी ११-१० ने हरले. २०१५ ची फायनल, परत आयव्हरी कोस्ट, परत ०-०, परत पेनल्टी, ९-८, आणि शेवटची पेनल्टी घातली कोणी तर त्यांच्या गोलकीपरने. पोरं मात्र छान खेळत राहिली, सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप १९९१ आणि १९९५ ला, १९९२ ऑलिंपिकला ब्रॉन्झ. त्यांची अंडर-१७ टीम २०१७ मध्ये आपल्याकडे पण येऊन गेली, दिल्लीत भारताला ४-० आणि मग नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर नायजरला २-०. गोव्याच्या मैदानांवर त्याच्या आधी युसिफ याकुबू चर्चिल ब्रदर्सकडून गोल मारून गेलाच होता, आणि ग्यान स्वतः २०१९ मध्ये आयएसएलला आला, नॉर्थईस्टकडून.

मोठ्या वर्ल्ड कपला पोचायला २००६ उजाडलं. चेक रिपब्लिकला २-०, पहिला गोल ग्यानचा, दुसऱ्याच मिनिटाला. आणि मग २०१०, यजमान दक्षिण आफ्रिका बाहेर पडल्यावर तिथली जनता यांना बाघाना बाघाना (त्यांच्या स्वतःच्या टीमचं टोपणनाव बाफाना बाफाना, त्यावरून) म्हणत आपलीच टीम समजून नाचत होती. त्याच देशाला १९६६ च्या भांडणात घानाने विरोध केलेला, तेव्हाची सत्ता वेगळी आणि आता स्टेडियममधली जनता वेगळी, हे माझ्या तरी डोक्यात येत होतं.

बारा वर्षांनी, २ डिसेंबर २०२२, कतार, परत उरुग्वे. घानाला पेनल्टी मिळाली, आंद्रे आय्यू म्हणजे अबेदीचाच मुलगा मारायला आला आणि कीपरने अडवली. ०-२ ने हरले, बाहेर. पण तिकडे दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरवल्यामुळे उरुग्वेला पुढे जायला अजून एक गोल हवा होता. डिफेंडर अमार्टीने नंतर सांगितलं की मॅच चालू असतानाच हे लक्षात आलं आणि त्याने बाकीच्यांना सांगितलं, आपण नाही तर ते पण नाही, आता फक्त बचाव करा. केला. शिट्टी वाजली तेव्हा सुआरेझ बेंचवर जर्सी तोंडावर ओढून रडत होता, आणि स्वतः बाहेर पडलेला घाना आक्रात हसत होता.