उष्णतेची लाट वेगळी, आगीचं हवामान वेगळं

फेब्रुवारी लागला की गावोगावी एकच वाक्य ऐकू येतं: "अजून ऊन कुठं तापलंय? आत्ताच धुरे (शेताचे बांध) पेटवून घेऊ, मे महिन्यात धोका असतो." आणि मे महिन्यात कुठं गायरान जळालं की बातमी येते: "उन्हाच्या तडाख्यानं माळरान पेटलं." दोन्ही चूक. दोन्हीच्या मुळाशी एकच समज आहे, की पारा चढला की आगीचा धोका आणि पारा खाली असला की निर्धास्त.

उष्णतेची लाट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किंवा सरळ ४५ अंश झालं, की हवामान विभागाच्या निकषात लाट बसते. किनाऱ्यावर ४० ऐवजी ३७ धरतात. हा सगळा हिशेब माणसाच्या जिवासाठी आहे. गवत किती वाळलंय आणि वारा किती सुटलाय, याचा त्यात विचारच नाही.

उन्हानं गवत पेटतं, हे तर डोक्यातून काढूनच टाकावं. वाळलेलं गवत पेट घ्यायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि आपल्याकडे पारा पन्नाशीही गाठत नाही. ठिणगी बाहेरूनच येते: विडीचं थोटूक, पेटवलेला धुरा, लोंबकळणाऱ्या तारांचं घर्षण, किनवटकडे मोहाची फुलं वेचायला झाडाखाली लावलेली आग. बनीम, म्हणजे कडब्याची गंजी, आपोआप पेटते ती उन्हानं नव्हे, तर ओलसर कडबा रचल्यामुळे. आत कुजण्याची उष्णता कोंडत जाते आणि शेवटी भडका उडतो.

आता खरा फरक. उष्णतेच्या लाटेत पारा बघायचा असतो, आगीच्या हवामानात हवेचा कोरडेपणा. मार्चातली दुपार घ्या. लातूरला ३६ अंश, रत्नागिरीला ३३. फरक तीनच अंशांचा. पण लातूरच्या हवेत आर्द्रता १५-२० टक्के असते, रत्नागिरीला ६० च्या घरात. माळावरचं वाळलेलं कुसळी गवत हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ६० टक्के आर्द्रतेत त्याच्यात वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, १५-२० टक्क्यांत जेमतेम ४ टक्के. पेटण्याआधी हे पाणी उडून जावं लागतं. जिथं उडवायला पाणीच नाही, तिथं एक ठिणगी पुरते.

दुपारची आर्द्रता सकाळच्या आकड्यावरून ठरवू नका. पहाटे २० अंशांना ५० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यातलं पाणी तेवढंच राहिलं तरी, दुपारी ३६ अंशांवर २० टक्क्यांवर येते. मोबाइलवर सकाळी सात वाजता ५० टक्के बघून अकरा वाजता काडी ओढणारा याच आकड्यानं फसतो.

हे ओळखायला घरातला कूलर पुरेसा आहे. ज्या दुपारी तो खोली गारेगार करतो, ती दुपार आगीची, कारण पाणी झपाट्यानं उडतंय. मे अखेरीला पाऊस जवळ आला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. तेव्हा पारा ४० असला तरी गवत मार्चइतकं कोरडं नसतं. उलट माणसाला तेव्हा जास्त त्रास होतो, कारण घाम वाळत नाही. म्हणून लाटेचा इशारा आणि आगीचा धोका कधी सोबत येतात, कधी एकमेकांच्या उलट जातात.

नेमकं मोजायचं असेल तर दोन थर्मामीटर घ्या आणि एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा. दोन्ही सावलीत, वारा लागेल असे टांगा. कोरडा ३६ आणि ओला २० दाखवत असेल तर आर्द्रता २० टक्के. दुपारी फरक १२ अंशांच्या पुढं गेला की शेतात काडी ओढायची नाही, असा नियमच करावा. जगभरातले वणवा विझवणारे ३०-३०-३० चा ठोकताळा सांगतात: तापमान ३० च्या वर, आर्द्रता ३० च्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. मराठवाड्यात पहिली अट फेब्रुवारी अखेरपासून रोज दुपारी पूर्ण होते, म्हणजे तिच्यावरून काहीच कळत नाही. बघायच्या त्या बाकीच्या दोन.

"काल अवकाळी झाला, आता काही पेटत नाही," हेही ऐकून कंटाळा आला. काडीएवढ्या जाडीचं गवत तास-दोन तासांत हवेशी जुळवून घेतं. सकाळी भिजलेलं गवत कडक उन्हात दुपारी पुन्हा पेटण्याजोगं होतं. ओंडका मात्र आठवडे घेतो.

वाऱ्यात किनारा आणि आपला मराठवाडा एकदम वेगळे. तिथं दुपारी खारे वारे सुटतात आणि समुद्राची ओल आत आणतात. किनाऱ्यावरच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाला ऐन दुपारी ही मदत मिळते. त्यांचे वाईट दिवस ते, ज्या दिवशी पूर्वेचा कोरडा वारा खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. आंबा-काजूच्या बागांत वणवा धावतो तो अशा दिवशी. आपल्याकडे मदतीला समुद्र नाही. उलट वळवाच्या ढगातून पावसाआधी सुटणारी वावधाण वाऱ्याची दिशा मिनिटात फिरवते. आग एका टोकाला पुढं सरकत असते, तिची लांबलचक बाजू शांत असते. वारा फिरला की ती अख्खी बाजूच आगीचं तोंड होते. आग झोडपून विझवणारी माणसं नेमकी तिथंच उभी असतात. ढग गडगडायला लागला की जळून गेलेल्या काळ्या रानात सरका, समोरच्या पिवळ्या गवतात कधीच नाही.

बंबावर विसंबून पेटवू नये. ४५०० लिटरचा बंब, एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर धरले तर दहा मिनिटांत रिकामा होतो, आणि तालुक्याहून गावात यायला त्याहून जास्त वेळ लागतो. माझं स्पष्ट मत, उसाचं पाचट जाळूच नये. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून सरीतच कुजवावं. धुरा जाळल्याशिवाय चालतच नसेल, तर पहाटे, गवतावर दव असताना, भोवती नांगराचे दोन-तीन फेरे मारून, पाण्याचा टँकर उभा करून, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं जळत जाईल असं पेटवा.

विझवल्यावर घरी जाण्याची घाई करू नका. रात्री आर्द्रता वाढते, आग दबते, गेल्यासारखी वाटते. पण बुंध्यात, उकिरड्यात, शेणाच्या गोवऱ्यांत ती धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी बारा-एकला हवा कोरडी झाली की वर येते. हाताची पाठ राखेजवळ नेऊन पाहा; ऊब लागली तर उकरा, पाणी ओता, पुन्हा उकरा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत एक माणूस तिथं ठेवा. पुन्हा भडकलीच तर १०१ ला लावा, आणि फोनवर आधी रस्ता सांगा, मग काय जळतंय ते.