वालचंद हिराचंद : आधी ठेकेदार, मग बाकी सगळं

५ एप्रिल आला की वालचंद हिराचंदांचं नाव हमखास निघतं. १९१९ साली याच तारखेला त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, आणि १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजं, विमानं, मोटारी या तिन्ही गोष्टींसाठी वालचंद लक्षात राहिले. पण माणूस मुळात बांधकामाचा ठेकेदार होता, आणि त्यांचं सार्वजनिक आयुष्य समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

जन्म सोलापूरचा, १८८२ चा. आडनाव दोशी; घराणं मूळचं गुजरातेतलं, दिगंबर जैन, व्यापारात मुरलेलं. वडील हिराचंद नेमचंद यांनी 'जैन बोधक' हे नियतकालिक काढलं होतं; म्हणजे धंद्याबरोबर चार लोकांच्या कामात पडायची सवय घरातच होती. पेढीवर वालचंदांचं मन रमेना. अशात गाठ पडली लक्ष्मणराव बळवंत फाटकांशी. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले. टेंडर कसं निघतं, काम कोणाच्या सहीने मिळतं, बिल कुठे अडतं, हे त्यांना ठाऊक. वालचंदांकडे घराण्याची पत. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीने रूळ धरला.

ठेकेदारीत गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार, नाहीतर सरकारच्या आधाराने चालणारी रेल्वे कंपनी. मजुरांचे पैसे दर आठवड्याला द्यायचे, बिल मात्र साहेब मोजमाप मंजूर करील तेव्हा. मोठी कामं गोऱ्या कंपन्यांकडे जायची, हेही रोज डोळ्यांसमोर दिसायचं. माझ्या मते वालचंदांचा स्वदेशीचा आग्रह सभांमधून आला त्यापेक्षा जास्त या अनुभवातून आला.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी १९२६ ची. तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांत भोर घाटातले बोगदे येतात. तोवर मुंबई-पुणे गाडी खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात शिरायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने उरलेला चढ चढायची. नव्या मार्गासाठी सह्याद्रीचा काळा पाषाण फोडत बोगदे काढले गेले आणि १९२९ मध्ये हा द्राविडी प्राणायाम संपला. आज डेक्कन क्वीनमध्ये ऑम्लेट खाताना हे कोणाच्या गावीही नसतं.

समुद्रावर मात्र गाठ लॉर्ड इंचकेप या बड्या ब्रिटिश जहाजमालकाशी होती. त्यांच्या कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणलं आणि १९२३ च्या कराराने तिच्या वाढीवर मर्यादा घातली. धंदा कितीही नेटाने केला तरी कायदा परक्याच्या हाती असेल तर उपयोग नाही, हे इथे पुरतं कळलं. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवा, ही मागणी मग कायदेमंडळात गेली. त्याच सुमारास, १९२७ मध्ये, वालचंदांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभं राहिलं. मुंबईच्या बड्या पेढ्यांच्या सावलीत दबलेल्या मराठी मुलखातल्या व्यापाऱ्यांना त्यामुळे स्वतःचं व्यासपीठ मिळालं. १९३२-३३ मध्ये ते फिक्कीचे, म्हणजे देशभरातल्या व्यापारी संघटनांच्या महासंघाचे, अध्यक्ष झाले.

त्यांना साधू ठरवायचं कारण नाही. देशाचं हित आणि कंपनीचं हित यांच्यात त्यांनी कधी भिंत घातली नाही, आणि टीकाकारांनी त्यावर बोटही ठेवलं. शिवाय त्यांची पद्धत ठेकेदाराचीच: आधी काम अंगावर घ्यायचं, पैशांची जुळवाजुळव मागाहून. १९४० मध्ये बंगळुरूत म्हैसूर संस्थानच्या साथीने विमान कारखाना काढला. युद्ध ऐन भरात असताना १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी १९४१ मध्ये राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. तिथे बांधलेली 'जलउषा' ही बोट १९४८ मध्ये नेहरूंनी पाण्यात सोडली, आणि चारच वर्षांनी त्या कारखान्याची सूत्रंही सरकारकडे गेली.

तोवर वालचंद आजारपणामुळे कामातून निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये सुरू केलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय पैशांच्या ओढाताणीत होतं. वालचंदांच्या कुटुंबाच्या देणगीनंतर १९५५ मध्ये त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. तिथून बाहेर पडणारे सिव्हिलचे इंजिनिअर 'आम्ही वालचंदचे' असं सांगतात, आणि त्यातले कितीतरी पुढे ठेकेदारीतच शिरतात.