आवाज एकीकडे, पैशांवरची नजर दुसरीकडे: सॅन फ्रान्सिस्कोचे युथ कमिशन आणि मुलांच्या निधीची देखरेख समिती

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या कारभारात मुलांच्या आणि तरुणांच्या नावाने दोन मंडळे काम करतात. एक युथ कमिशन, म्हणजे शहराला तरुणांच्या वतीने सल्ला देणारे मंडळ. दुसरी, ‘चिल्ड्रन अँड युथ फंड’ या निधीवर देखरेख ठेवणारी ‘ओव्हरसाइट अँड ॲडव्हायजरी कमिटी’. तिला सगळे ओएसी म्हणतात. दोन्हींत तरुण सदस्य असतात. दोन्हींच्या नेमणुका महापौर आणि बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे तिथले नगरसेवक मंडळ, करतात. दोन्हींच्या सभांना कोणीही जाऊन बसू शकते, बोलू शकते. त्यामुळे ही दोन्ही एकाच कामासाठी आहेत असा समज सहज होतो.

हा समज महागात पडतो. शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळणारा, शिकवणारा वस्तीतला एखादा उपक्रम बंद पडायला आला आणि पालक चुकीच्या मंडळापुढे गेले, तर त्यांचे म्हणणे मनापासून ऐकले जाईल, कदाचित पाठिंब्याचा ठरावही होईल, पण पैसे जागचे हलणार नाहीत. म्हणून कोणाच्या हातात काय आहे हे नीट पाहायला हवे. आणि त्यासाठी सुरुवात मंडळांपासून नाही, पैशांपासून करायला हवी.

निधी येतो कुठून

१९९१ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोत मुलांसाठीच्या सेवा दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत सापडत. मुलांना मत नसते, त्यामुळे कात्री लावायची वेळ आली की त्यांच्या बाजूने भांडणारे कमी पडत. कोलमन ॲडव्होकेट्स या संस्थेने आणि तिच्या प्रमुख मार्गारेट ब्रॉडकिन यांनी यावर उपाय म्हणून सह्या गोळा केल्या आणि विषय थेट मतदारांपुढे नेला. ‘प्रॉपोझिशन जे’ हा प्रस्ताव मतदानात मंजूर झाला आणि मालमत्ता करातला ठरावीक वाटा मुलांसाठी बाजूला काढणे शहराच्या सनदेतच, म्हणजे त्याच्या मूळ कायद्यातच, लिहिले गेले. शहराने स्वतःच्या सनदेत मुलांसाठी असा निधी राखून ठेवण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ. २००० साली मतदारांनी निधीला मुदतवाढ दिली. २०१४ साली ‘प्रॉपोझिशन सी’ने ती आणखी २५ वर्षांनी वाढवली, १८ ते २४ वयाच्या अडचणीतल्या तरुणांनाही निधीत घेतले, आणि दर १०० डॉलर करपात्र मूल्यामागे ३ सेंट असलेला वाटा टप्प्याटप्प्याने ४ सेंटवर नेला.

हा वेगळा कर नाही. आहे त्याच मालमत्ता करातला हा हिस्सा आहे. घराचे करपात्र मूल्य दहा लाख डॉलर असेल, तर मालकाने भरलेल्या करातले वर्षाला ४०० डॉलर या निधीत जातात. घरमालकाच्या बिलात त्याने एक सेंटही वाढत नाही.

हे पैसे कशावर खर्च करायचे नाहीत, याचीही यादी सनदेत आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. पोलिसी कामावर नाही. मुलांना केवळ ओघाने फायदा होतो अशा सेवेवर नाही. मुख्यतः मुलांच्या वापरासाठी नसलेल्या इमारतींच्या देखभालीवर किंवा वीज-पाण्याच्या बिलांवर नाही. ज्याने कुठल्याही महापालिकेचे अंदाजपत्रक वाचले आहे, त्याला ही मनाई कशासाठी ते लगेच कळेल: ‘बालकल्याण’ या शीर्षाखाली रस्ता, भिंत आणि फर्निचर घुसवणे हा जगभरातला जुना रिवाज आहे.

पण खरी मेख ‘बेसलाइन’मध्ये आहे. आजीने नातवाच्या शिकवणीसाठी दरमहा पैसे पाठवावेत आणि बापाने तेवढीच आपली रक्कम काढून घ्यावी, तर नातवाच्या हाती काय पडले? निधी सुरू झाल्यावर शहरानेही हेच केले असते: मुलांवर आधीपासून होत असलेला खर्च हळूच कमी करून निधीचे पैसे त्या जागी भरले असते. म्हणून सनद सांगते की, आधीचा खर्च हा पाया. त्याखाली शहराला जाता येणार नाही, आणि निधी त्याच्यावर भर म्हणूनच यायला हवा. शहराच्या स्वेच्छेने खर्च करता येण्याजोग्या उत्पन्नाबरोबर हा पाया वरखाली होतो, आणि त्याचा हिशेब कंट्रोलर, म्हणजे शहराचे मुख्य लेखाधिकारी, मांडतात. निधी किती जमला हे कोणीही पाहू शकते. पाया खचला नाही ना, हे पाहायला मात्र जाणती नजर लागते.

ओएसी: पैशांच्या वाटेवर उभी असलेली समिती

हा निधी ‘डिपार्टमेंट ऑफ चिल्ड्रन, युथ अँड देअर फॅमिलीज’ हे शहराचे खाते सांभाळते. खाते स्वतः वर्ग चालवत नाही. वस्त्यांमधल्या सेवाभावी संस्थांना ते अनुदान देते आणि शिकवण्या, खेळ, उन्हाळी शिबिरे, नोकरीची तयारी, हिंसेपासून मुलांना दूर ठेवण्याचे काम अशा सगळ्या गोष्टी त्या संस्था करतात.

२०१४ च्या आधीही एक नागरिक समिती होती, पण ती नुसती सल्ला देणारी. ‘प्रॉपोझिशन सी’ने तिच्या जागी ११ सदस्यांची ओएसी आणली आणि तिच्या हाती मंजुरीचा अधिकार दिला. कामाचे चक्र पाच वर्षांचे. आधी शहरातल्या मुलांच्या गरजांची पाहणी, त्यासाठी सर्व ११ सुपरवायझर मतदारसंघांतल्या लोकांचे म्हणणे ऐकणे. मग कोणत्या प्रकारच्या सेवेला किती पैसे जातील याचा वाटप आराखडा. मग संस्थांकडून प्रस्ताव मागवणे, निवड, आणि त्यानंतर अनुदानाची पाच वर्षे. गरजांची पाहणी आणि वाटप आराखडा हे दोन्ही दस्तऐवज ओएसीने मंजूर करावे लागतात, आणि त्यानंतर ते बोर्ड ऑफ सुपरवायझर्सपुढे जातात. खात्याच्या संचालकांच्या कामाच्या मूल्यमापनातही समितीचा सहभाग असतो.

लोक इथे थोडे निराश होतात, कारण कोणत्या संस्थेला अनुदान द्यायचे ते ओएसी ठरवत नाही. ‘मग देखरेख कसली?’ असा प्रश्न येतो. माझ्या मते हेच योग्य आहे. समितीने संस्था निवडायला सुरुवात केली की सदस्यांभोवती संस्थांची गर्दी जमते आणि देखरेख करणाराच वाटेकरी होतो. पैसे कुठल्या गरजेकडे, कुठल्या वयाकडे, शहराच्या कुठल्या भागाकडे वळावेत हे वाटपाच्या आधी ठरवणे ही त्याहून मोठी ताकद आहे. आराखड्यात किशोरवयीन मुलांच्या रोजगार प्रशिक्षणाचा वाटा कमी धरला गेला, तर पुढची पाच वर्षे कितीही चांगला प्रस्ताव आला तरी पैसे नसतात. अनुदान घेणाऱ्या संस्थांचे म्हणणे यावे म्हणून त्यांचा वेगळा कार्यगट ठेवलेला आहे. म्हणजे त्यांना बाजू मांडता येते, मतदान करता येत नाही.

एक कमजोरी मात्र उघड आहे. समितीपुढे येणारी बहुतेक माहिती त्याच खात्याने तयार केलेली असते ज्याच्यावर तिने नजर ठेवायची आहे. किती मुले आली, किती टिकली, पालक समाधानी आहेत का, हे सगळे खात्याच्या तक्त्यांतून कळते. सदस्य आपापले काम किंवा शिक्षण सांभाळून येतात. अशा वेळी सभेत उठून ‘ही संख्या नावनोंदणीची आहे की रोजच्या हजेरीची?’ एवढे विचारणारा एक पालकसुद्धा मोठे काम करून जातो.

युथ कमिशन: ठरावाची ताकद

युथ कमिशन निधीतून जन्माला आलेले नाही. १९९५ साली मतदारांनी वेगळ्या सनद-दुरुस्तीने ते स्थापन केले. सदस्य १७, वय १२ ते २३, मुदत एक वर्ष. प्रत्येक सुपरवायझर एक सदस्य नेमतो, महापौर सहा नेमतात, आणि त्यांतले पाच अशा समाजघटकांतले असावे लागतात ज्यांचे प्रतिनिधित्व एरवी कमी पडते.

त्याचा सर्वांत ठोस अधिकार असा: मुख्यत्वे मुलांवर किंवा तरुणांवर परिणाम करणारा कुठलाही विषय अंतिम निर्णयाआधी बोर्डाने युथ कमिशनकडे अभिप्रायासाठी पाठवायलाच हवा. कमिशनला १२ दिवस मिळतात. ते उलटले की अभिप्राय येवो न येवो, बोर्ड पुढे जाऊ शकते. आणि आलेला अभिप्राय बोर्डावर बंधनकारक नाही.

म्हणून ते कुचकामी आहे असे कोणी म्हणेल, तर ते मला अजिबात पटत नाही. शहराच्या म्युनी बसमधून मुलांना मोफत प्रवास मिळावा या मागणीमागे तरुणांच्या इतर संघटनांबरोबर युथ कमिशनही उभे राहिले. २०१३ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी ती सोय सुरू झाली आणि २०२१ पासून १८ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना मिळू लागली. १६ वर्षांच्या मुलांना शहराच्या निवडणुकीत मत द्यावे यासाठीही कमिशनने जोर लावला. तो विषय २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये मतदानाला आला, आणि दोन्ही वेळा थोडक्यात हरला. ही कामे कुठल्याही निधीच्या आराखड्यात बसणारी नव्हती. बस, मत, पोलिसांची वागणूक, शाळेतली सुरक्षितता या सगळ्यांवर बोलायला युथ कमिशन मोकळे आहे. ओएसी तशी मोकळी नाही, तिची हद्द निधीपुरती.

अंदाजपत्रकाबद्दल युथ कमिशनही दरवर्षी आपले अग्रक्रम लिहून देते, आणि गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. कमिशन पैशांविषयी बोलते, पण शिफारस करते. ओएसीच्या मंजुरीवाचून निधीचा आराखडा पुढे सरकत नाही. तरुणांना बोलायला व्यासपीठ दिले म्हणजे त्यांना पैशांवरही देखरेख मिळाली, असे सांगणारे राजकारणी सगळीकडे असतात. हा फरक माहीत असलेला सतरा वर्षांचा मुलगा त्यांना पुरून उरतो.

खाडीपलीकडे ओकलंडमध्ये

ओकलंडची मांडणी वेगळी आहे. तिथे १९९६ साली ‘किड्स फर्स्ट’ मोहिमेतून ‘मेझर के’ हा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला आणि ‘ओकलंड फंड फॉर चिल्ड्रन अँड युथ’ उभा राहिला. सुरुवातीला शहराच्या अनिर्बंध सर्वसाधारण उत्पन्नाचा अडीच टक्के वाटा होता, २००९ च्या ‘मेझर डी’पासून तो तीन टक्के आहे. मालमत्तेच्या मूल्याऐवजी उत्पन्नाशी बांधलेला असल्यामुळे शहराचे दिवस फिरले की निधीही लगेच आकसतो.

तिथल्या नियोजन व देखरेख समितीत १७ जागा आहेत: आठ कौन्सिल सदस्य प्रत्येकी एक प्रौढ आणि एक तरुण नेमतात, महापौर एक. म्हणजे जवळजवळ निम्मी समिती तरुणांची, आणि तीच पैशांच्या नियोजनावर बसलेली. आवाज आणि देखरेख यांची अशी एकत्र गाठ मला अधिक पसंत आहे. निधीचे लाभार्थीच हिशेब विचारायला बसले की प्रश्नांचा रोख बदलतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या महापालिकांतही स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवण्याचा नियम आहे, आणि महिला व बालकल्याण समिती आहे. पण ती नगरसेवकांचीच समिती. पालक, तरुण किंवा वस्तीतले कार्यकर्ते मताच्या हक्काने तिच्यात बसत नाहीत. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा सभागृहाबरोबर या समित्याही गेल्या. जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकांपर्यंत खर्च करणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा हात एकच होता. तेव्हा अंगणवाडीच्या किंवा मुलांच्या अभ्यासिकेच्या पैशांचा प्रश्न विचारायला एखाद्या आईने कोणासमोर उभे राहायचे होते?

सॅन फ्रान्सिस्कोत याचे उत्तर निदान ठरलेले आहे. कॅलिफोर्नियाच्या ब्राउन ॲक्टप्रमाणे, म्हणजे खुल्या सभांच्या कायद्याप्रमाणे, नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर व्हावी लागते आणि लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. बसभाडे, मताधिकार किंवा मुलांसंबंधीचा नवा नियम असेल तर युथ कमिशनकडे, आणि तेही अभिप्रायाचे ते १२ दिवस उलटण्याआधी जावे. निधीतल्या पैशांची वाटणी खटकत असेल तर ओएसीकडे. तिथे गरजांच्या पाहणीच्या वेळी गेलेले सर्वांत चांगले, कारण अनुदाने जाहीर झाल्यावर बोलायला फार थोडे उरते. सध्याचे अनुदानचक्र जुलै २०२४ ते जून २०२९ असे आहे. पुढच्या चक्राची पाहणी, आराखडा आणि निवड हे सगळे ते संपण्याआधीच उरकलेले असेल.