थेट प्रक्षेपणातील जुगार-प्रचारावरील निर्बंध

आंतरजालावर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी (स्ट्रीमरांनी) जुगाराचे खेळ खेळून दाखवणे, जुगाराच्या संकेतस्थळांची जाहिरात करणे किंवा प्रेक्षकांना तिकडे वळवणे यांवर घातलेली बंधने. ती तीन ठिकाणांहून येतात : प्रक्षेपण-मंचांची स्वतःची नियमावली, जाहिरातीसंबंधीचे ग्राहकसंरक्षण कायदे आणि जुगारविषयक कायदे. तिन्हींचे हेतू वेगळे असल्याने एकच प्रक्षेपण मंचाच्या नियमात बसते, पण प्रेक्षकाच्या देशात दंडनीय ठरते, असे बरेचदा होते.

संज्ञेची व्याप्ती : ‘प्रचार’ कशाला म्हणावे, हा या विषयातला मूळ वाद आहे. वर्णनात दिलेला दुवा किंवा सवलतीचा संकेत (रेफरल कोड) हा प्रचारच, याबद्दल दुमत नाही. संकेतस्थळाचे नाव तोंडाने उच्चारणे, त्याचे बोधचिन्ह पडद्यावर ठेवणे आणि काहीच न सांगता नुसते खेळत राहणे, या तीन बाबी मात्र बराच काळ निर्बंधांच्या कक्षेबाहेर होत्या. प्रत्यक्ष प्रक्षेपण पाहिले की ही रेघ किती पुसट आहे ते कळते. पडद्याचा मोठा भाग स्लॉट यंत्राच्या फिरत्या चक्रांनी व्यापलेला असतो, कोपऱ्याच्या चौकटीत खेळणाऱ्याचा चेहरा, खाली शिल्लक रकमेचा आकडा. बाजूने चॅट धावत असते आणि दर थोड्या वेळाने एक स्वयंचलित खाते त्यात तोच संदेश टाकून जाते. मोठा डाव लागला की आरडाओरड होते आणि तेवढाच तुकडा कापून इतरत्र फिरवला जातो. हे करमणुकीचे प्रक्षेपण की काही तास चाललेली जाहिरात, या प्रश्नाच्या उत्तरावर सगळी नियमावली उभी आहे. अलीकडच्या नियमांचा कल दुसऱ्या उत्तराकडे झुकलेला दिसतो आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते.

मोबदल्याचे स्वरूप : स्ट्रीमरला पैसे साधारणतः तीन मार्गांनी मिळतात. पहिला, तासांवर किंवा महिन्यावर ठरलेले प्रायोजकत्व. दुसरा, त्याच्या संकेताने नोंदणी करून पैसे भरणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे एकरकमी दलाली. तिसरा, त्या खेळाडूंकडून संकेतस्थळाला होणाऱ्या निव्वळ कमाईत हिस्सा. संकेतस्थळाची कमाई म्हणजे खेळाडूची हार, त्यामुळे या तिसऱ्या प्रकारात प्रेक्षक जितका हरेल तितका स्ट्रीमर कमावतो. यांखेरीज खेळण्याची रक्कमही काही वेळा प्रायोजकच पुरवतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका नामवंत स्ट्रीमरने आपल्याला १६ महिन्यांत ३६ कोटी डॉलर मिळाल्याचे स्वतःच जाहीर केले होते. हा दावा त्याचा स्वतःचा आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

प्रायोजकाच्या पैशाने खेळण्याचा मुद्दा तांत्रिक वाटला तरी निर्बंधांच्या समर्थनात तो मध्यवर्ती आहे. समजा, एका स्लॉटचा परतावा-दर (पणाला लावलेल्या रकमेपैकी सरासरीने खेळाडूला परत मिळणारा भाग) ९६ टक्के आहे, दर फिरकीला १०० एकके लावली आणि तासाला ६०० फिरक्या झाल्या. म्हणजे तासाला ६०,००० एकके पणाला लागली आणि सरासरीने २,४०० एकके गेली. पण ही सरासरी अतिशय मोठ्या संख्येने फिरक्या झाल्यावरच दिसू लागते. एका बैठकीत आकडा दोन्ही बाजूंना खूप लांब जाऊ शकतो. स्वतःच्या पैशाने खेळणारा खिसा रिकामा झाला की उठतो आणि त्याची कहाणी तिथेच संपते. ज्याची शिल्लक पुन्हा भरली जाते तो मात्र मोठा डाव लागेपर्यंत बसून राहू शकतो. प्रेक्षकाला दिसणाऱ्या नमुन्यातून दिवाळे निघण्याचा क्षणच वगळला जातो. एकही वाक्य खोटे न बोलता दिशाभूल होते ती अशी, आणि म्हणूनच केवळ ‘हे प्रायोजित आहे’ अशी पाटी लावण्याच्या अटीला अनेक जण अपुरी मानतात.

उगम : या निर्बंधांचा प्रारंभ कोणत्या वर्षी मानावा, याबाबत दोन मते संभवतात. प्रचलित मांडणीत ट्विच या मंचाने ऑगस्ट २०२१ मध्ये केलेल्या नियमापासून सुरुवात धरतात. दुसरे मत ही रेषा २०१६ पर्यंत मागे नेते. ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या संगणकीय खेळात ऑगस्ट २०१३ पासून शस्त्रांची रंगीत आवरणे (स्किन) मिळू लागली. ती खेळाडूंमध्ये हस्तांतरित करता येत असल्याने लवकरच त्यांना चलनाचे रूप आले आणि ती पणाला लावून जुगार खेळवणारी संकेतस्थळे निघाली. २०१६ च्या उन्हाळ्यात एक प्रकरण उघडकीस आले. ट्रेव्हर मार्टिन आणि थॉमस कॅसेल हे दोन लोकप्रिय चित्रफीतकार ‘सीएसगो लोटो’ या संकेतस्थळावर आपण जिंकत असल्याच्या चित्रफिती दाखवत होते, पण त्या संकेतस्थळाचे मालक तेच होते आणि हे त्यांनी पुरेसे स्पष्ट केले नव्हते. जुलै २०१६ मध्ये व्हॉल्व्ह या खेळनिर्मात्या कंपनीने अशा संकेतस्थळांना काम थांबवण्याच्या नोटिसा धाडल्या. त्याच महिन्यात ट्विचने स्पष्ट केले की, तिसऱ्या पक्षाच्या (उदा., व्हॉल्व्हच्या) वापर-अटी मोडणारे प्रक्षेपण चालणार नाही.

आक्षेप असा घेतला जातो की, २०१६ चा नियम जुगाराविरुद्ध नव्हता, तो वापर-अटींच्या भंगाविरुद्ध होता, म्हणून त्याला या परंपरेत जागा देऊ नये. हेतूपुरता हा आक्षेप खरा आहे. परंतु परिणाम पाहता स्किनच्या जुगाराचे प्रक्षेपण त्यानेच रोखले. शिवाय याच प्रकरणातून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण आयोगाने सप्टेंबर २०१७ मध्ये मार्टिन आणि कॅसेल यांच्याशी समझोता केला. समाजमाध्यमांवरील व्यक्तिगत प्रभावकांविरुद्ध आयोगाने केलेली ही पहिली कारवाई होती. आयोगाच्या तक्रारीनुसार या दोघांनी इतर प्रभावकांनाही प्रत्येकी २,५०० ते ५५,००० डॉलर रोख किंवा स्किनच्या रूपाने दिले होते. म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसरे मत ग्राह्य धरले आहे. २०२१ ला प्रारंभाऐवजी दुसरा टप्पा म्हणणे योग्य.

मंचांचे नियम : ट्विचने ऑगस्ट २०२१ मध्ये स्लॉट, रूलेट आणि फाशांच्या खेळांच्या संकेतस्थळांचे दुवे व रेफरल संकेत देण्यास मनाई केली. खेळ दाखवायला मात्र मोकळीक राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये एका स्ट्रीमरने आपल्या जुगारासाठी प्रेक्षकांकडून व सहकाऱ्यांकडून उसने पैसे घेतल्याची कबुली दिली, काही मोठ्या स्ट्रीमरांनी बहिष्काराची भाषा केली आणि २० सप्टेंबरला मंचाने पुढचे पाऊल जाहीर केले. १८ ऑक्टोबर २०२२ पासून स्लॉट, रूलेट किंवा फाशांचे खेळ असलेल्या आणि अमेरिकेत किंवा पुरेसे ग्राहकसंरक्षण देणाऱ्या अन्य अधिक्षेत्रात परवाना नसलेल्या संकेतस्थळांचे प्रक्षेपणच बंद झाले. स्टेक, रोलबिट, ड्युएलबिट्स आणि रूबेट ही चार नावे त्यात थेट घेतली होती. २०२३ मध्ये ब्लेझ आणि गॅमडॉम यांची भर पडली, तसेच स्किन-जुगाराच्या प्रायोजकत्वालाही मनाई झाली. पोकर, क्रीडासट्टा आणि फँटसी स्पोर्ट्स यांना वगळले आहे. पोकरला कौशल्याचा युक्तिवाद (हा दैवाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असा) लागू करता येतो. क्रीडासट्ट्याला तो तितकासा लागू होत नाही.

नियमातील कळीचा शब्द ‘परवाना’ हा आहे. क्रिप्टो-चलनात चालणारी अनेक कॅसिनो कुरासाव या कॅरिबियन बेटाच्या परवान्यावर चालत आली आहेत. त्यामुळे ‘परवाना आहे’ हे विधान खरे असते, पण तो पुरेसा आहे का, हा निर्णय मंचाकडे राहतो.

डिसेंबर २०२२ मध्ये किक हा मंच सुरू झाला. त्यामागे स्टेकचेच संस्थापक एड क्रेव्हन व बिजन तेहरानी आहेत. सदस्यत्व-उत्पन्नातील ९५ टक्के वाटा स्ट्रीमरला, हे त्याचे मुख्य आकर्षण. ट्विचवर हा वाटा सर्वसाधारणपणे निम्मा असतो. कॅसिनोच्या प्रक्षेपणांना तेथे जागा मिळाली. बंदीने प्रक्षेपणे थांबली नाहीत, त्यातली बरीचशी स्थलांतरित झाली, असा निष्कर्ष यावरून काढला जातो.

यूट्यूबने उशिरा, पण अधिक खोलवर हात घातला. १९ मार्च २०२५ पासून गूगलची मान्यता नसलेल्या जुगार-संकेतस्थळांकडे प्रेक्षकांना वळवण्यास मनाई आहे. त्यात दुव्यांबरोबरच पडद्यावरील पत्ता, बोधचिन्ह आणि तोंडी उल्लेखही येतो. हमखास परताव्याचे आश्वासन देणाऱ्या चित्रफिती काढून टाकल्या जाऊ शकतात. ऑनलाइन कॅसिनो दाखवणाऱ्या चित्रफिती १८ वर्षांखालील प्रेक्षकांसाठी बंद केल्या. १७ नोव्हेंबर २०२५ पासून स्किन, एनएफटी (मालकीची डिजिटल नोंद असलेल्या वस्तू) अशा आभासी वस्तूंवरील जुगारही या नियमात आला.

कायदे : इटलीने २०१८ च्या ‘प्रतिष्ठा अध्यादेशा’ने जुगाराच्या जाहिरातींवर जवळपास सर्वंकष बंदी घातली. नेदरलँड्समध्ये जून २०२२ च्या अखेरीस आदर्श मानल्या जाणाऱ्या व्यक्तींना जाहिरातीत वापरण्यास आणि १ जुलै २०२३ पासून सरसकट प्रेक्षकवर्गाला उद्देशून केलेल्या ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातींना बंदी आली. ब्रिटनच्या जाहिरात-संहितेत १ ऑक्टोबर २०२२ पासून अल्पवयीनांना ‘प्रबळ आकर्षण’ वाटेल अशा व्यक्तींना अशा जाहिरातींत स्थान नाही. स्पेनची वाट उलटी गेली : २०२० च्या शाही आदेशातील, अशा जाहिरातींत प्रसिद्ध व्यक्तींच्या वापरावर बंधन घालणारे कलम तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. ऑस्ट्रेलियात २००१ च्या कायद्याखाली बेकायदा सेवांचा प्रसार दंडनीय आहे.

भारतात जुगार हा राज्यसूचीतला विषय असल्याने वाद प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आणि दैवाचा खेळ या भेदाभोवती फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या चमारबागवाला निकालापासून तो रूढ आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ पासून अशा जाहिरातींविरुद्ध सूचनापत्रे काढली. २१ मार्च २०२४ चे पत्र थेट समाजमाध्यमांवरील प्रभावकांना उद्देशून होते. ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५ याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळण्याचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की दैवाचा, तो या अधिनियमातील ‘ऑनलाइन मनी गेम’च्या व्याख्येत येतो. कलम ६ नुसार अशा खेळाची कोणत्याही माध्यमातील प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरात बनवणे, बनवून घेणे किंवा तिला साहाय्य करणे निषिद्ध आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्ट्रीमर हा शब्द कायद्यात शोधण्याची गरज पडत नाही, ‘साहाय्य’ या शब्दात तो येतोच.

अंमलबजावणी : प्रक्षेपण एका देशातून, संकेतस्थळाचा परवाना दुसऱ्या देशाचा आणि प्रेक्षक तिसऱ्यात, ही नेहमीची स्थिती. व्हीपीएनमुळे (वापरकर्त्याचे ठिकाण लपवणाऱ्या जोडणीमुळे) भौगोलिक अटकावही पोकळ ठरतो. थेट प्रक्षेपणातील तोंडी उल्लेख पकडणे लेखी दुव्यापेक्षा कठीण असते, कारण तो क्षण निघून गेलेला असतो. कापलेल्या तुकड्यांचा प्रश्न वेगळाच आहे : विनोदी चित्रफितीच्या कोपऱ्यात कॅसिनोच्या नावाचे जलचिन्ह असते, ती फिरवणाऱ्या निनावी खात्याचा मूळ स्ट्रीमरशी करार नसतो आणि स्ट्रीमरसाठी लिहिलेला नियम त्या खात्याला लागत नाही.