खनिज-शोध भागीदारीतील करारतंटे (गोवा)

खनिजाचा शोध आणि पुढे उत्खनन यांसाठी दोन किंवा अधिक पक्ष करार करून एकत्र येतात, तेव्हा खर्च, हिस्सा, माहितीची मालकी आणि भाडेपट्ट्यावरील हक्क यांवरून त्यांच्यात उद्भवणारे वाद या नोंदीत अभिप्रेत आहेत. साधारणतः एकाच्या नावावर पट्टा किंवा परवाना असतो आणि दुसरा पैसा, यंत्रे व जाणकार माणसे आणतो. जमिनीखाली किती आणि कोणत्या प्रतीचे खनिज आहे हे दोघांनाही ठाऊक नसताना सह्या होतात. बोअरहोलचे (जमिनीत खोल पाडलेल्या छिद्रांतले) नमुने तपासून आले की ठरलेला सौदा एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्तात दिलेला वाटू लागतो.

ठरल्या वेळी आपल्या वाट्याची रक्कम न भरणाऱ्याचा हिस्सा किती घटावा, हा नेहमीचा वाद. शोध जी-४ या प्राथमिक टप्प्यापासून जी-१ या तपशीलवार टप्प्यापर्यंत जातो. त्यामुळे करारात नुसते ‘शोध पूर्ण झाल्यावर’ असे लिहिले असेल, तर कोणता टप्पा अभिप्रेत होता यावर लवादापुढे दिवसच्या दिवस जातात.

गोव्यात मात्र करार कोणी मोडला याआधी तो करार कायदेशीर होता का, हे पाहावे लागते. याचे मूळ इतिहासात आहे. पोर्तुगीज अमलात, मुख्यतः १९०६ च्या वसाहती खाण कायद्याखाली, दिलेली कन्सेशन्स (खाणकामाच्या सवलती) मुदतीविना होती. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखालील भाडेपट्टे ठरली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत पट्टा एकाच्या नावे आणि खाण चालवणारा दुसराच, अशी पद्धत रुळली. परंतु १९६० च्या खनिज सवलत नियमांतील नियम ३७ नुसार, राज्य सरकारच्या लेखी पूर्वसंमतीविना पट्टा हस्तांतरित करता येत नव्हता. इतकेच नव्हे, तर पट्टेदाराचा कारभार मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याच्या पैशाने वा नियंत्रणाखाली चालेल अशी व्यवस्थाही करता येत नव्हती. त्यामुळे पैसा घातलेला भागीदार हिस्सा मागायला न्यायालयात गेला, की पट्टेदार हाच नियम पुढे करून करार अवैध म्हणू शकतो. ज्याने त्या कराराचा लाभ घेतला त्यानेच तो नाकारावा, हे न्यायाला धरून नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ६५ घेतलेला लाभ परत करायला लावते, पण बेकायदेशीरपणा दोघांनाही आधीपासून ठाऊक असेल तर हा आधारही डळमळतो.

दुसरा मोठा धक्का खाणबंदीचा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरवले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. अशा वेळी करार पार पाडणे अशक्य झाले म्हणून करार कायद्याच्या कलम ५६ नुसार तो संपला, की पट्टा वैध असल्याची हमी देणाऱ्याने भरपाई द्यावी, हे कराराच्या शब्दांवर ठरते. खाण पुन्हा सुरू होईल या आशेवर थांबणाऱ्याचा पैशाचा दावा, तो दाखल करण्यासाठी असलेल्या तीन वर्षांच्या मुदतीत अडकतो, ही बाब फार उशिरा ध्यानात येते.

गोव्यातील कौटुंबिक कायदाही यात येतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. म्हणून भागीदार वारल्यावर त्याच्या हिश्श्याबाबत जोडीदार व वारस यांच्याशीही बोलावे लागते.

करारात लवादाचे कलम असल्यास १९९६ च्या लवाद कायद्यानुसार प्रकरण चालते. नमुने, नकाशे वा काढलेले खनिज हलवू नये म्हणून कलम ९ खाली अंतरिम आदेश मागता येतो. मात्र लवादाचा निवाडा भागीदारांपुरताच बंधनकारक असतो. तो पैसे देववू शकतो. पट्ट्यावरचे नाव सरकारच्या संमतीविना बदलू शकत नाही.