ड्वेमरांचा गुन्हा आणि ड्वेमरांचा अंत

'द एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील ड्वेमर ही एल्फ जमात नाहीशी झाली, ते तिच्या कर्माचे फळ होते का, हा वाद मुंबईतील मराठी खेळाडू दोन पिढ्या घालत आले आहेत. मात्र दोन्ही पिढ्यांसमोरचे आरोपपत्र एकच नव्हते.

२००२ साली 'मॉरोविंड' आला, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच संगणक जोडण्याचे दिवस होते. त्या खेळातील आरोप देवद्रोहाचा होता. भूगर्भात नगरे वसवणारे, वाफेवर चालणारी यंत्रे घडवणारे आणि कोणत्याही देवापुढे मान न तुकवणारे ड्वेमर रेड माउंटनखाली खणत असताना त्यांना लॉर्खान या मृत देवाचे हृदय सापडले. काग्रेनॅक या त्यांच्या प्रमुख स्थपतीने त्या हृदयातील शक्ती वापरण्यासाठी हातमोजा, हातोडा आणि सुरी अशी तीन अवजारे तयार केली आणि न्यूमिडियम हा पितळी देव उभारायला घेतला. हे कळताच कालपर्यंत मित्र असलेले चायमर, म्हणजे दुसरी एल्फ जमात, नेरेव्हार या आपल्या सेनानीच्या नेतृत्वाखाली चालून आले, आणि प्रथम युगाच्या ७०० व्या वर्षाच्या सुमारास, त्याच रणधुमाळीत, जगभरातील ड्वेमर एका क्षणात अदृश्य झाले.

यादवांच्या अंतामागचा गांधारीचा शाप लहानपणापासून ऐकत आलेल्यांना हा न्याय सहज पटतो. खेळातील साक्षी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. अझुरा देवीने दाखवलेल्या उपायाने नेरेव्हारने ड्वेमरांची धूळ केली, असे अ‍ॅशलँडर, म्हणजे चायमरांचे भटके वंशज, सांगतात. काग्रेनॅकने स्वतःच ती अवजारे हृदयावर चालवली, असे नेरेव्हारचा साथीदार व्हिव्हेक सांगतो. दोन्ही साक्षी शत्रुपक्षाच्या आहेत, आणि ज्या अवजारांपायी ड्वेमर पापी ठरले त्यांच्याच साहाय्याने व्हिव्हेक आणि त्याचे दोन सहकारी पुढे देव होऊन बसले, हे विसरून त्याच्या तोंडची देवद्रोहाची भाषा ऐकता येत नाही. मागे उरलेला एकमेव ड्वेमर, याग्रम बॅगार्न, त्या क्षणी या जगाबाहेरच्या एका लोकात होता. म्हणून तो वाचला, आणि म्हणूनच नेमके काय घडले ते त्यालाही ठाऊक नाही.

याच मालिकेतील २०११ च्या 'स्कायरिम'ने आरोपच बदलला. नॉर्ड या माणसांच्या तलवारीपुढे जीव मुठीत धरून पळालेल्या हिम-एल्फांना ड्वेमरांनी आसरा दिला, पण त्याची किंमत म्हणून विषारी अळंबी खाऊ घालून त्यांची दृष्टी घेतली आणि त्यांना गुलाम केले. फाल्मर म्हणून ओळखले जाणारे ते अंध जीव या गुलामांचेच वंशज होत. पुढच्या वर्षीच्या 'डॉनगार्ड' या 'स्कायरिम'च्या पुरवणीमध्ये गेलेबोर हा डोळस हिम-एल्फ सांगतो की त्या विषाने आंधळेपण येईल, पण एवढी विकृत अवस्था येणार नाही. म्हणजे आणखी काहीतरी केले गेले असावे.

माझ्या मते गोंधळ होतो तो येथेच. शरणागताचे डोळे काढून घेणे हा अक्षम्य गुन्हा होय. परंतु ड्वेमरांचा अंत त्या गुन्ह्यामुळे झालाच नाही. तो झाला हृदयावर चालवलेल्या अवजारांमुळे, आणि त्या कृतीत गुलामांना न्याय देण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. शिवाय त्या एका क्षणात लहान मुलेही गेली आणि काग्रेनॅकचा बेत ज्यांच्या कानावरही आला नसेल असे कारागीरही गेले. 'त्यांचे हेच व्हायला हवे होते' असे म्हणणारे दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा पहिल्या खटल्यात दाखल करतात, आणि या चुकीत मीही अनेकदा सापडलो आहे.

फाल्मरांच्या बंडाची हकीकत तर याहून विचित्र आहे. जमिनीखाली कित्येक दशके लढत राहिल्यावर एके दिवशी ते रणात उतरले, तो समोर शत्रूच नव्हता. त्यांची दृष्टी परत आली नाही. धनी गेले तरी त्यांनी ठेवलेली पितळी पहारेकरी यंत्रे अजून चालू आहेत, आणि जमिनीखालच्या त्या ओसाड दालनांत ती आजही फाल्मरांवर चालून जातात.